डाव्या पायाला काम नाही

क्लच नसलेल्या गाडीवर माझा पहिल्यापासून विश्वास नव्हता. शिरगावच्या खाणीवर खनिजाचा ट्रक चालवण्यात माझी उमर गेली आणि डावा गुडघाही त्यातच गेला. डॉक्टरांनी क्लच दाबायला मनाई केली, तेव्हा मुलीने ही ऑटोमॅटिक आणली. वर अट घातली, "जमली तर चालवा बाबा, नाहीतर ड्रायव्हर ठेवते." ड्रायव्हरला ड्रायव्हर. माझे डोकेच फिरले.

पहिल्यांदा बायकोला घेऊन डिचोलीहून मांद्र्याला, तिच्या बहिणीकडे निघालो. मोकळ्या रस्त्यावर गाडी गुमान चालली, तेवढ्यानेच मला शंका आली. म्हापशाजवळ वाहने खोळंबली आणि हिचे खरे गुण दिसले. ब्रेकवरचा पाय जरा हलका केला की ही बया आपणहून पुढे सरकायची. अगो, मी तुला चल म्हटले का? डावा पाय उगाच क्लच चाचपत होता.

मग रांग हलेचना. खाणीवर ट्रकांची लाइन अडली की आमची एक रीत होती. गिअरचा दांडा हलवून बघायचा, सैल लागला की न्यूट्रल. मग खाली उतरून पुढे काय झाले ते बघून यायचे. सपाटीला हँडब्रेकसुद्धा कोणी ओढत नसे. मी हिचा दांडा हलवला. सैल लागला. हिचा दांडा गिअरमध्येही तसाच हलतो, हे मला कुठे ठाऊक! दार उघडून ब्रेकवरचा पाय खाली टाकला आणि गाडी निघाली.

पुढे स्कूटरवर एक बाई पाठमोरी बसली होती. बायकोने हँडब्रेक खेचला. गाडी वीतभर अलीकडे थांबली.

"खंय चाललात?" ती म्हणाली. "ही तुमची खाणीवरची लाइन न्हय."

बायको आता मुलीला सांगणार, चावी गेली, हे मांद्र्यापर्यंत मी धरूनच चाललो.

संध्याकाळी घरी परतल्यावर मुलीने विचारले, "जमली?"

"जमली," बायको म्हणाली. "पण गाडी लबाड आहे गो. ह्यांना एकट्याला देऊ नको. मी बसेन बाजूला."

चावी माझ्याकडेच राहिली. आता गाडी काढायच्या आधीच ती येऊन बसते, उजवा हात हँडब्रेकवर ठेवून. भरवसा गाडीचा नाही की माझा, हे एकदा विचारायचे आहे. मी तिच्याकडे वळलो की म्हणते, "पुढे बघा."