सासूने पळवलेली भाषा
सुक्या बोंबलाचा वास आला की माझं डोकं अजून तापतं. स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली असतील. उरणला नव्याने नांदायला आलेली मी आणि माझी नणंद, दोघींनी सासूच्या नाकासमोर बोलता यावं म्हणून एक अख्खी भाषा घडवली. झालेल्या कामाला जिभेचा 'टक्', होणाऱ्याला भरतीसारखा चढता सूर, नकाराला नाकातला 'हूं', आणि प्रत्येक नावाला 'बुं'चं शेपूट. तीन महिने खपलो. तेवढ्यात गलबत बांधून झालं असतं! एकदा वलांडीच्या बांबूंवर बोंबील वाळत घालताना मी त्याच भाषेत नणंदेला म्हटलं, "उद्या चोरून जत्रेला जाऊ." पलीकडे सासू होती, आम्ही भाषा घडवायला घेतल्यापासून बहिरी म्हणून मिरवणारी. तिने आमच्याच भाषेत, चढत्या सुरात उत्तर दिलं, "मी पण येणार!" वर मराठीत म्हणते, "तुजा सूर बसका हाय गो सूनबाय, जरा चढव." माझी भाषा, आणि मलाच शिकवणी! जत्रेला तिघी गेलो, तर वाटभर ही बाई माझ्याच चुका काढत होती. आता सासू नाही, नणंद नाही. ती भाषा बोलणारी पृथ्वीवर मी एकटी. तरी मेली जीभ सूर चढवतेच, न जाणो, सासू वरून ओरडली तर!