पश्चिमेची शिडी

नोकरीच्या पहिल्या दिवशी कादरी साहेबांनी मला बसा म्हटलं नाही. रुजू होण्याचं पत्र घेतलं, न वाचताच खिशात कोंबलं आणि मला थेट टीव्ही टॉवरच्या पायथ्याशी नेलं.

"आधी वर बघा," ते म्हणाले.

मी बघितलं. चार पायांवर उभा, वर निमुळता होत गेलेला लाल-पांढरा लोखंडी सांगाडा. मान दुखायला लागली. मग ते म्हणाले, "शिडी कोणत्या बाजूला आहे?"

"पश्चिमेला."

"पाहिजे कोणत्या बाजूला?"

मी अभियांत्रिकीची पदवी घेऊन आले होते, पण हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. ऊन डोक्यावर होतं, त्यामुळे उत्तर सुचलं. "उत्तरेला. सावलीत."

"शाब्बास! मग पश्चिमेला कुणी लावली?"

"माहीत नाही, सर."

"मी!" त्यांनी छातीवर हात मारला. बक्षीस मिळाल्याचं सांगावं, तसा आवाज होता. "अख्ख्या टॉवरमधी एकच चूक, ती बी माझी. चला, आता चहा घेऊ."

नव्या माणसाची ही परीक्षा ठरलेली होती. शिपाई असो, वरिष्ठ अधिकारी असो, नाहीतर सहलीला आलेल्या शाळेच्या बाई असोत, सगळ्यांना वर बघावं लागे. साहेब उंच, किडकिडीत, डोक्यावर सदैव पांढरी टोपी, बोलताना दोन्ही हात हवेत. प्रसारण केंद्राचे प्रमुख म्हणून त्यांना एक खोली होती, पण ते तिच्यात फारसे सापडत नसत. टॉवरखाली मात्र हमखास.

टॉवर त्यांनीच उभा केला होता. शहागंजच्या गल्लीत वाढलेला पोरगा, हातात पदविका, आणि पहिलीच मोठी जबाबदारी ही. लोखंड मालगाडीनं आलं, स्टेशनपासून ट्रकनं टेकडीवर गेलं. प्रत्येक तुकड्यावर ठोकून अक्षर-आकडा उमटवलेला. कुठला तुकडा कुठे बसणार ते त्या खुणेवरून कळे. ढीग एवढा मोठा की, साहेब सांगत, "पहिल्या दिवशी मला वाटलं, हे काय जुळनार नाय. आपन सरळ घरी जावं."

चूक पायाभरणीच्या वेळी झाली. चारही पाय नेमके कोणत्या दिशेला बसवायचे, यासाठी मोजणी करणाऱ्यानं जमिनीवर फक्कीनं उत्तरेचा बाण काढला होता. रात्री पाऊस पडून तो धुतला गेला. सकाळी आभाळ भरलेलं, सूर्याचा पत्ता नाही. साहेब जागेवर आले तर जमिनीवर फक्कीचा ताजा, सुरेख बाण. त्यांनी नकाशा त्या बाणाला लावला आणि पाय बसवून घेतले.

तो बाण बांधकामाच्या टोळीतल्या मजुरांनी काढला होता. नमाजासाठी. पश्चिमेला.

"बाई, सांगा बरं," हा भाग सांगताना साहेबांना हसू आवरत नसे, "त्यांच्याबरोबर एक वखत जरी नमाजला उभा राहिलो असतो, तर बाण ओळखला नसता का? पर तेव्हा मी लई कामाचा मानूस! नमाजला टाइम नाय म्हनायचो. अल्लानं म्हटलं, असं व्हय? मग घे!"

ऊन पडलं, बाण कोणाचा ते कळलं, तोवर काँक्रीट घट्ट झालं होतं. टॉवरला त्यानं काही फरक पडला नाही. चौकोनाच्या चारही बाजू सारख्याच. फक्त जी बाजू उत्तरेला यायची ती पश्चिमेला आली, आणि शिडी तिच्यावर. आमच्याकडच्या उन्हाळ्यात दुपारनंतर ती शिडी तव्यासारखी तापे. त्यामुळे आमच्या केंद्रात वरची सगळी कामं सकाळीच उरकायचा रिवाज पडला. दुसऱ्या केंद्रांतली माणसं हसायची. साहेबही हसायचे.

टॉवर चढत गेला तशी शहरातून माणसं सायकलींवर बघायला येऊ लागली. दोरानं एकेक तुकडा वर ओढला जायचा, वरचा माणूस हात करायचा, खालचे श्वास रोखून उभे. आज किती चढला यावर चहाच्या टपरीवर पैजा लागत. पहिलं चित्र दिसायचं होतं त्या संध्याकाळी साहेब टेकडीवर पाहुण्यांत थांबलेच नाहीत. औरंगपुऱ्यात एका दुकानदारानं टीव्ही रस्त्याकडे तोंड करून मांडला होता, त्या गर्दीत जाऊन उभे राहिले. आधी नुसत्या मुंग्या. कोणीतरी म्हणालं, "बिघडलाय." साहेब ओरडले, "बिघडला नाय! थांबा!" आणि मग चित्र आलं. पुढची गोष्ट ते दर वेळी वेगळी सांगत. कधी लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलेलं असे, कधी दुकानदारानं जिलेबी वाटलेली असे. मी एकदा विचारलं, नक्की काय झालं? ते म्हणाले, "नक्की काय झालं, मला दिसलंच नाय बाई. डोळ्यांत पानी होतं."

ते निवृत्त झाले. काही वर्षांनी त्यांची खुर्ची माझ्याकडे आली. ते दर शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर केंद्रावर येत, वर बघत, चहा घेत आणि मी काय काय चुकीचं करते आहे ते सांगून जात. बहुतेक वेळा ते बरोबर नसत. मी तसं सांगे. "असंल, असंल," म्हणत ते बिस्कीट चहात बुडवत.

मग घराघरांत डिश आल्या, मोबाइलवर सगळं दिसू लागलं आणि आमचं टीव्ही प्रक्षेपण बंद झालं. मुख्य कार्यालयानं विचारलं, रिकाम्या टॉवरचं काय करायचं? त्यांनीच उत्तरही दिलं होतं: भंगार. मी कळवलं की यावर एफएम रेडिओची अँटेना बसेल. नवा टॉवर बांधण्यापेक्षा ते स्वस्त आहे. बराच काळ पत्रं गेली-आली. शेवटी ठरलं असं की अँटेना बसवून चाचणी घ्या. पश्चिमेकडे वैजापूरपर्यंत रेडिओ ऐकू आला पाहिजे. पाहणी पथक सोमवारी येईल. आवाज पोचला तर टॉवर राहील, नाहीतर उतरवला जाईल.

अँटेना आली. ती बसवायचे लोखंडी सांगाडेही आले. मुख्य कार्यालयानं ते जुन्या नकाशावरून बनवून घेतले होते. नकाशात पश्चिमेची बाजू मोकळी होती. प्रत्यक्षात तिथे शिडी.

मी साहेबांना फोन केला. ते रिक्षानं आले.

"साहेब, तुम्ही अख्ख्या मराठवाड्याला ही चूक सांगितलीत. नकाशात का नाही दुरुस्त केली?"

"त्याला वरची सही लागती ना बाई! वरचे म्हनले असते, टॉवर उतरवा, परत बांधा. मी काय येडा हाय?"

"आता तो कायमचाच उतरवतील."

त्यांचे हवेतले हात एकदम खाली आले. असं फार कमी वेळा होई. मे महिना होता, गुरुवार होता. टॉवरवर चढणाऱ्या टोळीचा मुकादम शेषराव शेजारी उभा होता. तो म्हणाला, "अँटेना दुसऱ्या बाजूला लावू की."

"दुसऱ्या बाजूनं वैजापूरला आवाज जाणार नाही," मी म्हटलं. "शिडीच हलवावी लागेल. उत्तरेला."

शेषराव हसला. "म्याडम, शिडी काढायची तर हुभं कशावर ऱ्हायचं? शिडीवरच ना?"

दोघंही साहेबांकडे बघू लागलो. साहेबांनी मान वर केली. बघत राहिले. मला वाटलं, ते हिशेब करत आहेत. पण ते म्हणाले, "शिडी हलली तर मी लोकांना काय सांगनार?"

"साहेब!"

"असंल, असंल." त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग दोन्ही हात हवेत गेले. "शेषराव, आधी वर बघ! सुरुवात वरून करायची. सगळ्यात वरचा तुकडा सोडव, तिथंच फिरवून उत्तरेला लाव. मग त्याच्या खालचा. जुनी शिडी वरून कमी होत येनार, नवी वरून खाली वाढत येनार. तू जुन्या शिडीनं उतरत उतरत खाली येशील. मधी टप्प्याटप्प्यावर फळ्या हायतच हिकडून तिकडं जायला. जमतंय का नाय?"

शेषरावनं वर बघितलं. "जमतंय ओ."

उत्तरेच्या बाजूला शिडी धरायला पकडी लागणार होत्या. मी चिकलठाण्याला एका कारखान्यात जाऊन बसले आणि त्या डोळ्यांसमोर बनवून घेतल्या. मालक म्हणाला, सोमवारी देतो. मी म्हटलं, सोमवारी तुम्हालाच ठेवा. संध्याकाळी त्या माझ्या गाडीच्या डिकीत होत्या.

शुक्रवारी उजाडताच टोळी वर गेली. साहेब खाली प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, हातात छत्री. शेषरावला वॉकीटॉकी दिला होता, तरी साहेब ओरडतच होते.

"शेषराव, पट्टा अडकव! आधी पट्टा!"

"अडकवलाय ओ!"

"मला दिसंना!"

"तुम्हाला तर मीच दिसत नसंन तितनं!"

दुपारी शिडीला हात लाववेना झाला की सगळे खाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहाटे. वरून तुकडे उत्तरेला सरकत होते. शहरातून येणाऱ्या रस्त्यावर गाड्या थांबू लागल्या, मोबाइल वर होऊ लागले. काय चाललंय म्हणून कोणी विचारलं की साहेब त्याला बाणाची गोष्ट पहिल्यापासून सांगत. टोळीचा चहा गार होई, मी ओरडे, ते पुढच्या माणसाला सांगत. जन्मभर सांगितलेली गोष्ट ते जणू संपवून टाकत होते.

शनिवारी शेषराव जमिनीपासून दोन पुरुष उंचीवर आला. शेवटचा तुकडा राहिला.

"तो राहू द्या," साहेब म्हणाले.

"कशाला?" मी विचारलं. "अँटेना वर आहे, तो आडवा येत नाही हे खरं. पण उत्तरेला खाली काय लावू?"

"चिकलठाण्याहून नवा आना. बाई, मी तुम्हाला आजपर्यंत काय मागितलं?"

खूप काही मागितलं होतं. पण मी कारखान्याला फोन केला. रविवारी सकाळी उत्तरेची शिडी जमिनीला टेकली, आणि मोकळ्या झालेल्या बाजूवर अँटेना चढू लागली. ऊन दुपारचं होतं, पण आता शिडी सावलीत होती. टोळी पहिल्यांदाच दुपारी वर राहिली. संध्याकाळी शेषरावनं वरून हात केला तेव्हा खाली जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या. साहेब कुठे दिसेनात. विचारलं तर कळलं, घरी गेले, सकाळची एसटी पकडायची आहे म्हणून.

सोमवारी पथक आलं. तिघे होते. त्यांच्यातल्या मोठ्या अधिकाऱ्यांना गाडीतून उतरल्या उतरल्या घाम फुटला होता. त्यांनी सांगितलं, वैजापूरला त्यांचा माणूस दुपारी पोचेल, तोवर थांबू. आम्ही प्रक्षेपण सुरू केलं. निवेदिकेनं नमस्कार म्हटलं, चाचणी प्रसारण असल्याचं सांगितलं, एक भावगीत लावलं. आमच्या खोलीतल्या रेडिओवर स्वच्छ. पण खोलीतला रेडिओ कोण विचारतो.

माझा फोन वाजला. साहेबांचं नाव. उचलला तर पलीकडे कोणी बोलेना. नुसता गलका, एसटीचा हॉर्न, "संभाजीनगर, संभाजीनगर" असा कंडक्टरचा आवाज. आणि त्या सगळ्यावर तेच भावगीत. माझ्या एका कानात रेडिओवरचं, दुसऱ्या कानात वैजापूरच्या एसटी स्टँडवरचं.

मी फोनचा आवाज मोठा करून टेबलावर ठेवला.

"काका," पलीकडे कोणीतरी म्हणालं, "आवाज कमी करा ना जरा."

"कमी?" साहेब गरजले. "अरे, लई लांबून आलाय तो! बस, ऐक! क्या बात है! बाई! वाघमारेबाई, येतंय!"

मोठे अधिकारी फोनकडे वाकले. "हे कोण बोलताहेत?"

"ज्यांनी टॉवर बांधला ते," मी म्हटलं. "आणि शिडी चुकवली, तेही तेच."

दुपारी त्यांच्या माणसाचाही फोन आला. तोवर भंगाराचा विषय कोणी काढत नव्हतं. साहेब रात्री उशिराच्या गाडीनं परतले. घरी बेगमसाहेबांनी काय म्हटलं असेल ते त्यांनी सांगितलं नाही, पण त्या शुक्रवारी ते नेहमीपेक्षा अर्धा तास लवकर केंद्रावर होते.

त्यानंतरच्या हिवाळ्यात ते गेले. दोन दिवसांचा ताप, फार त्रास नाही. मातीला आमचं सगळं केंद्र होतं, शेषरावची टोळीही होती. रेडिओ त्यांच्या उशाशी चालू होता, असं त्यांच्या मुलीनं सांगितलं. कुठलं केंद्र लागलं होतं, हे मी विचारलं नाही. दुसरं कुठलं लागणार?

तो खालचा तुकडा अजून पश्चिमेला आहे. तपासणीवाले दर वर्षी हरकत घेतात की ही शिडी कुठेच जात नाही, काढून टाका. मी दर वर्षी लिहिते की ती वापरात आहे. हे खोटं नाही. आमचा माळी तिच्यावर पाइप गुंडाळून ठेवतो.

गेल्या महिन्यात जालन्याची एक मुलगी नव्यानं रुजू झाली. पत्र घेऊन माझ्या खोलीत आली. बसायला निघाली.

"बसू नकोस," मी म्हटलं. "चल."

टॉवरखाली नेलं. तिनं तो पश्चिमेचा तुकडा बघितला, त्याच्या वर काही नाही हे बघितलं आणि काही विचारायला तोंड उघडलं.

"आधी वर बघ," मी म्हटलं.