छावणीतले कावळे

लोक कोकिळेच्या मागे कोकणात जातात, मी कावळ्यांच्या मागे अंबाजोगाईला गेले. आईनं कपाळाला हात लावला. सुट्टी काढून कुणी दुष्काळात जातं का, म्हणाली. तिचंही खरं. पण माझा छंदच तसा आहे. शहरातली गोंगाटी पाखरं, म्हणजे कावळे, साळुंक्या, पारवे, यांचे आवाज मी टिपते, संथ करते, एकावर एक रचते आणि त्याचं शांत संगीत करते. डोळे मिटून ऐकायचं. झोप लागली तर मला रागबिग येत नाही. माझी मैत्रीण सुनंदा अंबाजोगाईत कॉलेजात शिकवते. आसपासच्या गावांतलं पाणी आटलं, तसे सगळे कावळे शहराकडे आलेत, संध्याकाळी झाडाखाली उभं राहून बोलता येत नाही, असं तिनं फोनवर सांगितलं. मग काय, भरली पिशवी.

जाणाऱ्यांसाठी सांगते. पुण्याहून पहाटेची एसटी घ्या, मांजरसुंब्याला उतरून चहा घ्या, केजच्या पुढं कंबर सांभाळा. लॉज स्वस्त आहेत, पण आंघोळीला एकच बादली मिळते. दुसरी मागू नका, शोभत नाही. जेवायला ज्वारीची भाकरी आणि पिठलं. सोबतचा ठेचा मी शूरपणे खाल्ला आणि मग दोन घास नुसतेच रडत गिळले.

पहिली संध्याकाळ दवाखान्याजवळच्या झाडांखाली गेली. दुसऱ्या दिवशी सुनंदानं मला गावाबाहेर चारा छावणीवर नेलं. एका सहकारी संस्थेनं ती चालवली होती. चारही दिशांच्या गावांतली जनावरं तिथं दावणीला, त्यांच्याजवळच ताडपत्रीखाली माणसं, आणि जनावरांच्या पाठीवर कावळेच कावळे. मी कानाला हेडफोन लावून उसाच्या वाड्यावर, म्हणजे चाऱ्याला आणलेल्या हिरव्या शेंड्यांच्या ढिगावर, बसून राहिले. कावळ्याची काव आठपट संथ केली की ती काव राहत नाही. लांब कुणीतरी मोठ्या रांजणात तोंड घालून हळूच हुंकार देतंय असं वाटतं. त्यात रवंथ, घंटा, हवेतली धूळ सगळं विरघळत गेलं आणि दुपार कशी कलली मला कळलंच नाही. चहावाल्यानं दोनदा विचारलं म्हणे, बाई बऱ्या हायत ना.

तिसऱ्या दिवशी धर्मापुरीचं जुनं देऊळ बघायचं ठरलं होतं. पण वाटेवरच्या गावात सुनंदाच्या मामांचा दहावा होता. मी उगाच लुडबुड नको म्हणत होते, तिनं ऐकलं नाही. मामांना सगळं गाव तात्या म्हणायचं. गावची दूध सोसायटी त्यांनी जन्मभर चालवली. यंदा निम्मी जनावरं छावणीवर गेली, दूध दोन-तीन कॅनवर आलं, तरी तात्या रोज पहाटे शटर उघडून काट्यापाशी बसायचेच. आता मुलगा बापू आणि सून संगीता ऊसतोडीला निघायची होती. ट्रक दहाव्यासाठीच थांबला होता. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता मोजतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, मजुरीही अर्धीच.

नदी कोरडी ठक्क. वाळूत पिंड ठेवले आणि सगळे मागं सरकले. कावळाच नाही. आपल्याकडे अशा वेळी गेलेल्या माणसाची इच्छा कशात अडकली असेल ते ओळखून वचन देतात. बापूनं हात जोडले. आईला सांभाळीन म्हणाला, बहिणीचं लग्न थाटात करीन म्हणाला. आभाळ रिकामंच. एक म्हातारबाबा म्हणाले, कावळे हायत कुठं यायला, समदे छावणीवर. भटजींनी नाइलाजानं दर्भाचा कावळा करायला घेतला, तसा बापूचा चेहरा पडला.

"दर्भाचा नगं," तो म्हणाला. "माझ्या बापाला खरा कावळा पायजे."

सुनंदानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली, अगं नको, कसं दिसेल ते. पण बापूकडं बघवेना. लहान स्पीकर काढला, बाभळीखाली ठेवला आणि घाईत बटण दाबलं ते चुकीचंच. संथ केलेलं संगीत सुरू झालं. मेले मी, म्हटलं. पण कुणी हसलं नाही. त्या कोरड्या पात्रात तो रांजणातला हुंकार पसरत गेला, आणि नदीला पाणी असतं तर ते असंच वाजलं असतं असं मला क्षणभर वाटलं. मग मी छावणीतला खरा कलकलाट लावला.

बऱ्याच वेळानं एक कावळा आला. मग चार, मग दहा-बारा. बाभळीवर बसून माझ्या स्पीकरला उत्तरं देत राहिले. खाली मात्र एकही उतरेना.  तात्यांचं काय राहिलंय ते सगळ्यांना ठाऊक होतं, बापूलाही. तो वाळूकडं बघत उभा होता. सोसायटीचं शटर बंद करूनच तो ट्रकात बसणार होता.

बायकांतून संगीता पुढं आली. डोक्यावरचा पदर सावरून तिनं पिंडांना हात जोडले.

"तात्या, सोसायटी मी उघडते रोज. मी यंदा तोडीला जात न्हाई."

बापू तिच्याकडं बघतच राहिला.  कावळा उतरला, भाताची दोन शितं उचलून उडाला. बापू हमसून रडला. मीही रडले, सांगायला लाज कसली.

दुपारी पंगत उठल्यावर ट्रक गेला. बापू त्यात अर्धा कोयता होऊन गेला. देऊळ राहूनच गेलं, पण तुम्ही जा, सुनंदा म्हणते फार सुंदर आहे.

आता घरी संगीत पूर्ण झालंय. आईसुद्धा ऐकता ऐकता झोपली, म्हणजे जमलंय. पण मैत्रिणी एकच विचारतात, कावळा स्पीकरमुळं उतरला की वचनामुळं? मलाही चैन पडेना. शेवटी संगीतालाच फोन लावला. 

"कावळा कशानंबी आला असंल, ताई," ती म्हणाली. "मी बोलले ते काय मशिनीतनं आलं नव्हतं. ठिवते आता, दूध आलंय."