पंच कोणी निवडायचा?

हे मी घरातही कधी बोललो नाही. लातूरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, उभा जन्म घासाघीस केली, पण स्वतःची खोट सांगताना जीभ अडते. तरी आज गप्प बसवत नाही.

आधी माझा राग ऐका. नांदेडचे कॉलेजवाले माझ्याकडे वर्गणीला हमखास येतात, अर्थशास्त्राच्या व्याख्यानाला मात्र कधी बोलावत नाहीत. मग एक दिवस त्यांच्यातलीच एक विद्यार्थिनी, मेघा, संशोधनासाठी माझ्या आडतीवर आली. भाव नाही विचारला तिनं. विचारलं, "चाचा, माल ओला की वाळलेला यावरून भांडण झालं, तर पंच कोण? आणि तो कोणी निवडायचा, हे कोणी ठरवलं?"

नियम ठरवणाऱ्यांचाही नियम! मी हरखलोच. इतके सौदे केले, हा सवाल मला का सुचला नव्हता?

खरं उत्तर सोपं होतं — पंच आम्ही आडतेच चहा पिता पिता ठरवतो. पण कॉलेजवालीसमोर खाली का बघायचं? म्हणालो, "शेतकरी निवडतो. बापजाद्यांची रीत आहे."

"चाचा, ही तर बाजाराची राज्यघटना! नियम कसे घडतात ते शोधणाऱ्या संस्थांच्या अर्थशास्त्राला उद्या हेच शिकावं लागणार," ती जवळजवळ ओरडलीच.

रीत मी तिथल्या तिथं रचली होती.

तिनं पेपरात लेख लिहिला. पुढे शिरूर अनंतपाळच्या सुमनबाईंचं सोयाबीन ओलं म्हणून मी भाव पाडला, तर त्या कडाडल्या, "न्हाई! पेपरात आलंय. पंच आमी निवडणार!" मेघा तिथंच उभी होती. सगळे आडते माझ्याकडे बघत होते — आणि मी काय केलं? भडकून ओरडलो, "असली रीत कधी नव्हतीच! या पोरीनं मनानं लिहिलंय!"

ती फक्त "चाचा?" म्हणाली. पुढे कॉलेजनं तिचं काम खोटं म्हणून नाकारलं.

सुमनबाई मात्र हटल्या नाहीत. दर बाजाराला तीच मागणी, मागे आणखी बायका. या हंगामात शेतकऱ्यांनी खरंच पंच निवडला. त्यानं माझ्यासमोर दाणे दाताखाली फोडले, कडकड आवाज आला, म्हणजे माल वाळलेला, आणि निकाल माझ्याविरुद्ध गेला. हरलो — तरी अंगावर काटा आला! नियम जन्मताना बघितलाय कधी तुम्ही? मी बघितला.

आता ती रीत सगळे जुनीच समजतात, आणि नांदेडला संस्थांच्या अर्थशास्त्राच्या भवितव्यावर परिषद आहे. 'जुन्या रीतीचे जाणकार' म्हणून मला बोलावलंय, पहिल्या रांगेत. मी लगेच हो म्हणालो. कार्यक्रमपत्रिका मग वाचली. तिच्यात मेघाचं नाव नाही.

ते मी पुसलं, त्या दिवशी मोंढ्यात.