दोन कोऱ्या बाटल्या

उन्हाळ्यात आमची शाळा सकाळची असते. घरी येऊन मी दोन घास भात खाते, कूलर लावते आणि बैठकीत बाजेवर आडवी पडते. झोप येतेच असं नाही. आधी कूलरचा आवाज लांब जातो, मग हातपाय कुणा दुसऱ्याचे असल्यासारखे जड होतात, आणि मी तशीच पडून राहते. आज तेवढ्यात स्वयंपाकघरात कुणीतरी फ्रिज उघडतं.

"आई, याचं दार नीट लागून नाही राहिलं," शर्वरी म्हणते.

शर्वरी माझी मुलगी. तेवीस वर्षांची. तिला जाऊन त्रेसष्ट दिवस झालेत. हे मला झोपेतही पक्कं माहीत आहे. तरी मी दचकत नाही. उठते आणि स्वयंपाकघरात जाते.

ती फ्रिजसमोर उभी आहे. डोक्याला ओढणी गुंडाळलेली, पायात चपला.

"चपला घालून आत आलीस?"

"दोनच मिनिटं गं. निघायचंच आहे."

मी तिच्या कपाळाला हात लावते. ताप आहे का बघायला. कपाळ गरम नाही, गारही नाही. भिंतीला हात लावावा तसं वाटतं. मला रडू यायला हवं, असं मनात येतं. येत नाही. अजून एकदाही आलेलं नाही.

फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या डब्याशेजारी तिच्या बाटल्या आहेत, पाण्याच्या. बावीस गावांतल्या विहिरींचं आणि हापश्यांचं पाणी. ती अमरावतीला एम.एस्सी. करत होती आणि पाण्यातलं फ्लोराइड काढणारी गाळणी तिने बनवली होती. आमच्याकडे कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या रानात जाळून टाकतात, त्यांचाच कोळसा करून, त्यावर तुरटीची प्रक्रिया करून. मग ती आणि तिची मैत्रीण रोशनी आत्राम, दोघींनी मिळून छोटीशी कंपनी काढली. गाळणी आधी कुठे बसवायची ते या बाटल्यांवरून ठरणार होतं. फेब्रुवारीत ती बाटल्या घेऊन घरी आली तेव्हाच अंगात ताप होता. "भाजी कुठे ठेवू मी आता?" असं मी तिला म्हणाले होते. ताप मेंदूत गेला, असं डॉक्टर म्हणाले. चौथ्या दिवशी ती गेली.

वीस बाटल्यांवर तिने गावाचं नाव लिहिलंय. दोन कोऱ्या आहेत. एक खैरटोल्याच्या विहिरीची, दुसरी आमच्या शाळेतल्या हापशीची. कोणती कुठली, ते फक्त तिला ठाऊक.

"रोशनी येणार आहे आज पाचला," मी सांगते. "शेवटचं विचारते म्हणाली."

"मग देऊन टाक ना."

"बघू."

"दोन महिने बघूनच राहिलीस तू."

रोशनी तीनदा येऊन गेली. तिन्ही वेळा मी तिला चहा दिला आणि बाटल्यांचा विषय निघाला की भांडी घासायला उठले. चौथ्यांदा ती फोनवर म्हणाली, "काकू, गावातले लोक विचारून राहिले जी. मी काय सांगू त्यांना?" मी फोन ठेवला.

शर्वरी एक बाटली उजेडात धरून बघते आणि टेबलावर ठेवते. ते टेबल माझ्या वर्गातलं आहे. चौथीचा वर्ग, खिडकीशी तडा गेलेली फरशी. पोरं रांगेत बसलीत, चिडीचूप. सगळ्यांनी तोंडावर हात धरलाय.

आमच्याकडची पोरं हसताना तोंडावर हात धरतात. त्यांच्या दातांवर पिवळे, तपकिरी पट्टे असतात. एकोणीस वर्षं मी दर सोमवारी दात तपासत आले. पट्टे दिसले की बाकावर उभं करायचं. घासत नाहीत, घाणेरडी कुठली. हेच मी पालकांनाही सांगत आले. शर्वरीने बारावीनंतरच्या सुट्टीत शाळेच्या हापशीचं पाणी तपासून आणलं आणि कागद माझ्यासमोर धरला. "आई, दात घासून जात नाही हे. पाण्यातून येतं." तेव्हा मी काय म्हणाले? "जेवून घे आधी," म्हणाले.

"मी त्यांना उभं करायचे," मी आता म्हणते.

"माहीत आहे. मी वर्गातच होते ना."

"तू कधी बोलली नाहीस."

"तू बाई होतीस. घरी आल्यावर आई. कुणाशी बोलायचं तेच कळायचं नाही."

ती रागाने बोलत नाही. साखर संपलीय म्हणावं, तसं बोलते. पुढच्या बाकावरची एक मुलगी तोंडावरचा हात काढते. मला तिचे दात बघायचे नाहीत. मी मान वळवते तर समोर भिंत नाही, विहिरीचा काठ आहे.

खैरटोल्याची विहीर. आजूबाजूला पळसाची झाडं, आणि ऊन असं की सावली कुठे पडतच नाही. शर्वरी काठाशी उभी राहून बादली आत सोडते. दोर सरसर जातो. बराच वेळ जात राहतो. पाण्यावर आपटल्याचा आवाज येत नाही.

"शरू, त्या दोन बाटल्या," मी म्हणते. "कोणती कुठली ते सांग. मी लिहून ठेवते."

ती थांबते. खरंच आठवून बघते. लहानपणी पाढा अडला की खालचा ओठ दातात धरायची, तसा धरते.

"नाही आठवत गं. ताप होता ना."

"थोडंसंही नाही?"

"नाही."

"मग आता?"

"मग काय? दोन्ही ओतून द्यायच्या. पाणी पुन्हा आणायचं."

"एवढंच?"

"एवढंच. नमुना चुकला तर पुन्हा घेतात आई. त्यात काय आहे?"

"कोण आणणार?"

ती माझ्याकडे बघते. मग दोर माझ्या हातात देते. "रोशनीला विहिरीत वाकायची भीती वाटते. ती म्हणणार नाही तुला, पण वाटते. तू जा तिच्यासोबत."

मी दोर धरते. खाली बादली भरल्यासारखी जड होते. मी ओढते. ती शेजारी उभी राहून ओढते. मला तिच्या श्वासाचा आवाज येतो. घामाचा वास येतो, शाम्पूचाही. हे सगळं मला कळतंय, पण आत कुठेच पोहोचत नाही. काचेच्या पलीकडून बघावं तसं मी स्वतःला दोर ओढताना बघते.

"चल ना घरी," मी म्हणते.

"ढील देऊ नको, आई."

"शरू, घरी चल."

"हात नको सोडू. अर्ध्यावर आलंय."

आवाज लांबून येतो. मी बाजूला बघते. दोरावर फक्त माझेच हात आहेत. ती पळसांच्या पलीकडे, पायवाटेवर पाठमोरी चाललीय, भरभर, नेहमीसारखी पुढे झुकून. मी दोर सोडला तर तिला गाठू शकते. बादली खाली जाईल, एवढंच. मी हात सोडत नाही. का ते मला माहीत नाही. मी ओढत राहते आणि ती झाडांआड दिसेनाशी होते.

फाटकाची कडी वाजते.

"काकू? आहात ना जी?"

मी डोळे उघडते. कूलरमधलं पाणी संपलंय, नुसता पंखा खडखडतोय. मी पालथी पडलेय आणि बाजेच्या कडेची दोरी दोन्ही मुठींत आवळून धरलीय. बोटं एकेक करून सोडवावी लागतात.

रोशनी दारात उभी आहे. उन्हाने लाल झालेली, खांद्यावर रिकामी पिशवी. ती काही बोलायच्या आत मी म्हणते, "वीस बाटल्या ने. दोन मी ओतून देणार आहे. त्यांचं पाणी पुन्हा आणावं लागेल. सोमवारी शाळा सुटली की येते मी तुझ्यासोबत."

ती पिशवी खांद्यावरून काढते. मग तिची नजर खाली जाते.

"काकू, हाताला काय झालं?"

मी तळवे वर करून बघते. दोन्हींवर दोरीचे पीळ उमटलेत, लालभडक, आणि उजव्या अंगठ्याच्या खाली कातडं सोललंय. तिथे घाम लागतो.

"झोंबतंय," मी म्हणते.