नारिंगी दिवा

दुपारी कपाटावरच्या, संगणकाला जोडलेल्या साठवणीच्या काळ्या डबीकडे सहज लक्ष गेलं. एरवी हिरवा असणारा तिचा दिवा नारिंगी लुकलुकत होता. घरातले फोटो, ध्वनिमुद्रणं सगळं त्या डबीत साठवलेलं, आणि आता ती संगणकावर दिसेचना.

त्यातच आईचा आवाज होता. घशाच्या शस्त्रक्रियेत तो गेला. त्याआधी तिने नातवंडांसाठी सांगितलेल्या गोष्टी दुसरीकडे कुठेच नव्हत्या.

संगणकातलं कळणाऱ्या धाकट्या बहिणीला, रेवाला, फोन केला. ती घाईने म्हणाली, "ताई, रीसेटचं बटण अजिबात दाबू नकोस, सगळं पुसलं जाईल. आतल्या डिस्कनाही हात लावू नकोस. डबी नीट बंद कर, संगणकाला जोडणारी वायर बदल आणि मग चालू कर."

बंद केल्यावर डबीची घरघर थांबली. ती शांतता मला सोसवेना. आई शेजारीच बसली होती, धडधाकट. तरी तिचं काहीतरी कायमचं जाईल या भीतीने मी तिच्याकडे बघायचं टाळत होते. माणूस समोर असतानाही त्याला हरवण्याची भीती वाटू शकते, हे मला ठाऊक नव्हतं.

वायर बदलून डबी चालू केली. बऱ्याच वेळाने फोल्डर दिसलं. एक गोष्ट लावली.

"ऐकताय ना रे पोरांनो?" आईचा आवाज खोलीभर घुमला.

"ताई, ऐकत बसू नकोस! आधी कॉपी काढ," रेवा फोनवर ओरडली.

मी कॉपी सुरू केली. ती पुरी होईपर्यंत आईने माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.