अंगठ्याचं पॅड

वडप्याच्या एका गोदामात मी गेटवर हजेरी घेतो. खोक्यांवर लेबलं चिकटवणाऱ्या बायका आल्या की रजिस्टरसोबत निळ्या शाईचं पॅड पुढे सरकवायचं, ही माझी सवय. त्यांतली एक अंबाडी गावाकडून यायची. अंगठा उठवायची आणि तो पदराला असा खसाखसा पुसायची, जणू काही घाणच लागलीय.

परवा तिने पॅड इतक्या जोरात ढकललं की माझा चहा सांडला.

"पेन द्या. आठवी शिकलेय मी."

"मग चार वर्षं अंगठा का दिलास?" मीही चिडलो.

"तुम्ही कधी इचारलंत? घरी नवरा बोलतो, तुला काय कळतंय. इथं तुम्ही पॅड देता. मलापन वाटाया लागलं, आपल्याला न्हायच येत. काल खोक्यावरचा चुकीचा पत्ता वाचून कोणी पकडला? मीच ना!"

तिने कागद फाटेल इतकं दाबून सही केली. अक्षरं चौकटीबाहेर गेली.

मला तिचा आलेला राग तिथेच माझ्यावर उलटला. तिच्यामागे रांगेत आठ जणी होत्या. मी पॅड ड्रॉवरमध्ये टाकलं आणि पेन पुढे धरलं.

पाच जणींनी सही केली.